हवेतली रसायनं (भाग ६) : पेट्रोलची वाफ कोणाच्या छातीत?

मागच्या आठवड्यात कार्बन मोनॉक्साइडबद्दल वाचलंत. तो वायू तासाभरातही जीव घेतो. आजचं रसायन वर्षानुवर्षं काम करतं आणि तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. त्याचं नाव बेंझिन.

पेट्रोलपंपावर टाकीत पेट्रोल पडू लागलं की आत कोंडलेली वाफ त्याच तोंडातून बाहेर ढकलली जाते. ५ लिटर पेट्रोल आत गेलं, तर साधारण तेवढीच वाफभरली हवा बाहेर येते. समोर नोझल धरून उभा असलेला मुलगा ती दिवसभर ओढत असतो. आपण दोन मिनिटांत निघून जातो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्यापर्यंत चालतं. ऐकायला हे थोडं वाटतं. पण बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची मर्यादा आहे घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, तीही वर्षाची सरासरी. नुसत्या बेंझिनचा वास नाकाला कळेपर्यंत हवेतलं त्याचं प्रमाण या मर्यादेच्या शेकडो पट झालेलं असतं. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटनेनेही दिलेली नाही.

श्वासातून आलेलं बेंझिन रक्तात मिसळतं. यकृत त्याचं रूपांतर करतं आणि त्यातून तयार झालेले पदार्थ हाडांच्या मगजात पोहोचतात. रक्तपेशी तिथेच तयार होतात. त्या मूळ पेशींनाच इजा झाली की आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, आणि काहींच्या बाबतीत पुढे रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) होतो.

याचा मोठा पुरावा मिळाला तो चपला-बूट शिवणाऱ्या कारागिरांमुळे. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांच्याकडे असे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. सगळे कोंदट खोल्यांत बेंझिन घातलेला डिंक वापरणारे. सुमारे २८,५०० कारागिरांमध्ये ल्युकेमियाचे किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेतले २६ रुग्ण आढळल्याचं त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं. पुढे २००४ साली चीनमधल्या तियानजिनच्या बूट कारखान्यांतल्या २५० कामगारांचं रक्त तपासलं गेलं. दहा लाख भाग हवेत एक भागापेक्षाही कमी बेंझिन असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या पेशीही घटलेल्या होत्या. अमेरिकेत कामाच्या जागेसाठी कायद्याने चालणारी मर्यादा नेमकी तेवढीच, एक भाग!

सिगारेट ओढणाऱ्याला बहुतांश बेंझिन सिगारेटमधूनच मिळतं. चुलीचा धूर, उदबत्ती, गॅसची शेगडी यांतूनही ते थोडंफार येतं. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, एक्झॉस्ट पंखा लावावा. घरापुरतं एवढं पुरे. मला जास्त काळजी वाटते ती गॅरेजमधल्या पोरांची. डबडंभर पेट्रोल घेऊन त्यात कार्बोरेटर बुडवायचा, ब्रशने घासायचा आणि शेवटी त्याच पेट्रोलने हाताचं ग्रीस काढायचं. बेंझिन कातडीतूनही आत जातं. एका गाडीतलं पेट्रोल दुसरीत घालायला नळी तोंडाने ओढली, तर घोट पोटात किंवा थेट फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हे टाळायला फार काही लागत नाही. हाताला साबण आणि लाकडाचा भुसा पुरतो, नळीला हातपंप मिळतो.

पंपावर आपल्या हातातली गोष्टही सोपी आहे. नोझल आपोआप बंद पडल्यावर ‘अजून थोडं, राउंड फिगर करा’ म्हणू नये. वर आलेलं पेट्रोल सांडतं आणि त्याचीही वाफ त्या मुलाच्याच छातीत जाते. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बऱ्याच पंपांवर बसवता येते. ती आहे का, चालू आहे का, हे ग्राहकाने विचारायला हरकत नाही.

पंपावर किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्याने वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करून घ्यावी, आणि तिचा खर्च मालकाने उचलावा. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत, कारण आकडा हळूहळू उतरतोय का, हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं.