तेलाचा तवंग आणि बदकाचे पीस

नवेगाव बांध कुठे आणि मुंबईचा समुद्र कुठे! गोंदिया जिल्ह्यातल्या या तलावापासून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तेव्हा इकडच्या माणसाने दर्यात सांडणाऱ्या तेलाची चिंता करावी, याचे कुणाला हसूही येईल. पण हिवाळ्यात बांधावर उभे राहून पाण्यावरची बदके पाहावीत, म्हणजे ही चिंता तितकीशी परकी वाटत नाही.

बदक तासन् तास पाण्यात राहूनही भिजत नाही, ते कशामुळे? त्याची पिसे एकमेकांत अशी गुंतलेली असतात की पाणी आत शिरत नाही आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. खनिज तेल लागले की ही वीण विसकटते. पाखरू गारठते, बुडू लागते. चोचीने पिसे साफ करू जाते, तो तेच विष पोटात जाते. समुद्रपक्षी मरतात ते असे.

मुंबईकरांनी हे संकट दाराशी पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलली, शेकडो कंटेनर समुद्रात घरंगळले, आणि सुमारे ८०० टन इंधनतेल पाण्यावर पसरले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. बंदराची वाहतूक काही दिवस थांबली. तेल खारफुटीपर्यंत पोहोचले. खारफुटी चिखलातून वर काढलेल्या मुळ्यांनी श्वास घेते. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. कोळंबी, खेकडे, मासळीची पिले वाढतात ती याच झाडांच्या आडोशाला. लोक मासळी घ्यायला कचरू लागले, आणि जहाजाशी काडीचा संबंध नसलेल्या कोळ्याच्या पोटावर पाय आला.

अशा वेळी करावयाचे काय? तेलाभोवती तरंगते कुंपण घालतात, वरचा थर उपसून घेतात, किंवा रसायन फवारून तेलाचे बारीक थेंब करतात. पण खवळलेल्या दर्यात कुंपण टिकत नाही, आणि फवाराही जपूनच मारावा लागतो. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ हे जहाज फुटले, तेव्हा तेल घालवण्यासाठी वापरलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरच्या जीवांची तेलाहूनही अधिक हानी केली. आपल्याकडे समुद्रातील तेलगळतीला तोंड देण्याचे काम तटरक्षक दलाकडे आहे. त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती योजनाही आहे. तथापि, एकदा सांडलेले तेल सगळेच्या सगळे परत गोळा झाले, असे सहसा घडत नाही.

आमच्याकडचे कोहळी हे पिढ्यान् पिढ्यांचे तलाव बांधणारे. नवेगावचा हा बांधही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. पाळ फुटल्यावर माती टाकीत बसण्यापेक्षा पावसाआधीच ती तपासावी, हे शहाणपण तलावाच्या काठी राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. समुद्रालाही तेच लागू आहे. जहाजांची कसून तपासणी, बंदराच्या वाटेवर डोळ्यांत तेल घालून पहारा, आणि ज्याने सांडले त्याच्याकडून कोळ्याला वेळेवर भरपाई, ही खरी पाळ.

आणि आपण त्यातून वेगळे नाही, वाचकहो. आपल्या देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल समुद्रावरूनच येते. गोंदियाच्या पंपावर आपण स्कूटरची टाकी भरतो, तेव्हा त्या दर्यातल्या वाटेचे आपणही वाटेकरी असतो.