प्रोस्टेटचा कर्करोग : आधी रोगाचा पसारा पाहा



या अंकात उसाऐवजी माणसाच्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. आपल्या सभासदांत साठी ओलांडलेले पुष्कळ आहेत. लघवीची तक्रार "वयोमानानं होतंच" म्हणून अंगावर काढायची आणि डॉक्टरांनी कर्करोग सांगितला की लगेच ऑपरेशनसाठी पैशाची जमवाजमव करायची, असे गटागटांत फिरताना आमच्या कानावर येते. यात मधली पायरी राहून जाते. ती म्हणजे रोग कुठवर गेला आहे, ते पाहण्याची.

काणी दिसली की ती एक-दोन बेटांत आहे की फडभर, हे आपण फिरून पाहतो. थोडी बेटे असली तर उपटून जाळतो. फडभर असली तर खोडवा ठेवत नाही. इथेही तसेच आहे. रोग ग्रंथीतच असेल तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांनी तो बरा होण्याची आशा असते. हाडांत गेला असेल तर नुसती ग्रंथी काढून भागत नाही. हार्मोन रोखणारे व सर्वांगावर काम करणारे उपचार मुख्य ठरतात.

हे पाहण्यासाठी पूर्वीपासून सीटी स्कॅन व हाडांचा स्कॅन करतात. पण सीटीत मुख्यतः गाठीचा आकार कळतो. आकार वाढलेला नसला, तर आतला रोग नजरेतून सुटतो. म्हणून आता 'पीएसएमए पेट स्कॅन' आला आहे. या कर्करोगाच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन भरपूर असते. त्याला चिकटणाऱ्या द्रव्यास गॅलियम-६८ सारखे किरणोत्सर्गी द्रव्य जोडून ते शिरेतून टोचतात. साधारण तासाभराने स्कॅन घेतला की रोगाच्या जागा उजळलेल्या दिसतात. गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ते अंगात फार काळ टिकत नाही.

ऑस्ट्रेलियात नव्याने निदान झालेल्या, जास्त धोक्याच्या ३०२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्या स्कॅनची अचूकता ९२ टक्के, तर जुन्या दोन्ही तपासण्यांची मिळून ६५ टक्के भरली. किरणांची मात्राही निम्म्याहून कमी लागली.

तरीपण हा स्कॅन सर्वांना लागत नाही. पीएसए रक्ततपासणी, डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी व बायोप्सी यांवरून धोका ठरतो. कमी धोक्याच्या रोगात तो सहसा नको. अगदी बारीक रोग यातही सुटतो, आणि काहींच्या रोगात पीएसएमए नसतेच. उलट लाळेच्या ग्रंथी व मूत्रपिंडे निरोगी माणसातही उजळ दिसतात. बरगडीवरचा ठिपकाही कधी निरुपद्रवी निघतो. तेव्हा फिल्म पाहून घरीच तर्क करू नयेत.

ही सोय मोठ्या शहरांतच आहे व खर्चही बराच येतो. म्हणून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : माझा धोका कोणत्या गटातला? स्कॅनमुळे उपचार बदलणार आहे का? आणि तोवर थांबले तर चालेल का? हा रोग बहुधा सावकाश वाढतो, त्यामुळे विचारायला सवड मिळते. मात्र लघवी अडली, किंवा पाठदुखीबरोबर पायांतली ताकद गेली, तर तोड चालू असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी