नेम आणि दुर्बीण

मुलास रायफलीवरची दुर्बीण घेऊन द्यावी काय, असें कांहीं पालक आम्हांस विचारतात. दादरच्या कीर्ति महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेच्या निमित्तानें रायफल हातीं धरलेल्या अंजली वेदपाठक (पुढें भागवत) २००० सालीं सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत पोहोंचल्या, त्या दुर्बिणीवांचून! ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीस मज्जावच आहे.

मग १० मीटरांवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका टिपावा कसा? रायफलीच्या मागल्या अंगास बारीक छिद्राची तबकडी असते, नळीच्या टोंकाशीं कडी. छिद्रांतून पाहतां लक्ष्याचें काळें वर्तुळ कडीच्या मधोमध आलें कीं नेम जुळला. छिद्र लहान असल्यास कडी व लक्ष्य दोन्हीं रेखीव दिसतात; परंतु फारच लहान केल्यास उजेड पडत नाहीं.

कडी निवडतांना मात्र नवशिके हटकून फसतात. घट्ट कडी म्हणजे अचूक नेम, ही त्यांची समजूत. वस्तुतः काळ्याभोंवतीं पांढरी फट उरली नाहीं, तर हाताचा स्वाभाविक कंपहि मोठा भासतो, मन बिचकतें आणि चाप झटक्यानें ओढला जातो. कडी सैलच बरी. दुसरा डोळा मिटूं नये; त्यापुढें पांढरी पट्टी लावावी.

दुर्बिणीचे पैसे पालकांनीं छऱ्यांस द्यावेत. सरावांत ते भराभर संपतात.