बंदुकीच्या नळीतले मीठ

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांची एक मोठी जमात आहे, आणि त्यांच्या तळघरांत एक हिरवट पत्र्याचा डबा हमखास सापडतो. डबा सोव्हिएत काळातला, पूर्ण सीलबंद, उघडायला वेगळा ओपनर लागतो. आत कागदी पुड्यांत बांधलेली ४४० काडतुसे असतात, ७.६२ बाय ५४ मिलिमीटरची. ती मोसिन-नगांत नावाच्या लांबलचक रशियन रायफलीची. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात येतात. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातल्या कोठारांतून हा माल जहाजे भरभरून अमेरिकेत गेला. एकेकाळी रायफल शंभर डॉलरच्या आत मिळे आणि काडतुसे तर चिल्लरीच्या भावात. माल पन्नास वर्षांचा असला तरी तो सहसा दगा देत नाही. चाप ओढला की बार उडतो.

हिशेब चुकता होतो तो दुसऱ्या दिवशी. दमट हवेत रायफल तशीच कपाटात ठेवली, तर सकाळी नळीत डोकावल्यावर लालसर धूळ दिसते. आठवडा गेला की खड्डे पडतात, आणि ते कुठल्याही तेलाने भरून येत नाहीत. या काडतुसांना ‘कोरोसिव्ह’ म्हणतात. ती उडवल्यानंतर रायफल कशी धुवायची यावर तिथे इतके वाद आणि इतके घरगुती उपाय आहेत की आपल्याकडचा लोणच्याच्या कृतीवरचा वाद फिका पडावा. मूळ गोष्ट मात्र शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पलीकडे जात नाही.

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते, तिला प्रायमर म्हणतात. बंदुकीची सुई तिच्यावर आपटली की आतला मसाला पेटतो आणि ती ठिणगी पुंगळीतली मुख्य दारू पेटवते. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये ऑक्सिजन पुरवायला पोटॅशियम क्लोरेट असे. आगकाडीच्या गुलातही तेच असते, आणि दिवाळीच्या टिकल्यांत लाल फॉस्फरसच्या जोडीने पारंपरिकपणे तेच वापरले जाई. क्लोरेटने आपला ऑक्सिजन देऊन टाकला की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे एक मीठच. स्वयंपाकघरातल्या मिठाचे सख्खे भावंड. टिकल्यांची पत्र्याची बंदूक पुढच्या दिवाळीपर्यंत का गंजून जाते, याच्या उत्तराचा अर्धा भाग इथे आहे. उरलेला अर्धा जळलेल्या फॉस्फरसपासून होणाऱ्या आम्लाचा.

हे मीठ आम्ल नाही. एकटे असताना ते पोलादाला काही करत नाही. त्याला हवेतले पाणी लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तसेच नळीतल्या या अदृश्य थराला सुटते, आणि मग त्या खाऱ्या ओलाव्यात पोलाद गंजू लागते. पोटॅशियम क्लोराइड हवेतल्या पाण्यात पूर्ण विरघळायला सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर लागते, पण गंजाची सुरुवात त्याआधीच होते. म्हणूनच ॲरिझोनाच्या वाळवंटातला माणूस शपथेवर सांगतो की मी आठवडाभर रायफल धुतली नाही, काही झाले नाही. फ्लोरिडातला माणूस सांगतो की माझी एका रात्रीत गेली. दोघेही खरे बोलतात. एकमेकांना खोटे ठरवण्यात त्यांनी बरीच वर्षे घालवली आहेत.

आता दोष कुणाचा हे कळायला जगाला किती वेळ लागला ते पाहू, कारण या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. जुनी काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, जळली की तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग घन राख आणि क्षार होऊन मागे राहतो. नळी काळीकुट्ट होते आणि धुतल्याशिवाय पर्याय नसतो. गरम पाणी ओता, चिंधीने पुसा, तेल लावा, ही सवय शिपायाला आणि शिकाऱ्याला दोघांनाही होती. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली ठासणीची बंदूक आजही अशीच धुतात. टोपीतले मीठ त्या भरपूर घाणीत मिसळून तिच्याबरोबरच वाहून जाई. त्याचा वेगळा संशय येण्याचे कारणच नव्हते.

मग १८८४ साली पॉल व्येई या फ्रेंच रसायनज्ञाने धूररहित दारू तयार केली. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याकडे ती वापरणारी लेबेल रायफल आली. १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट आणले. बार केल्यावर नळी जवळजवळ स्वच्छ दिसू लागली. पाण्याची कटकट गेली असे समजून लोक तेलावर भागवू लागले आणि नळ्या पूर्वीपेक्षा वेगाने सडू लागल्या. सरळ संशय नव्या दारूवर गेला. ती नायट्रिक आम्लापासून बनते, तेव्हा तिच्यातूनच आम्ल सुटत असणार. कुणी म्हणे पोलाद बाराच्या वेळी वायू शोषून घेते आणि नंतर दिवसेंदिवस घामासारखे बाहेर टाकते. म्हणून गोळीबारानंतर सलग तीन दिवस नळी साफ करण्याचा नियम अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकेत आला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकला. नियम चांगला होता. त्यामागची समजूत चुकीची होती.

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये हे कोडे सोडवले. खरा गुन्हेगार टोपीतले क्लोरेट. बाहेर पडणाऱ्या मिठाचे वजन मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतके, पण आता त्याला झाकणारी राखच नव्हती. आणि लोक ज्याच्यावर विसंबले होते ते तेल या मिठाला विरघळवतच नाही. तेलाखाली मीठ सुखरूप राहते आणि तेलाच्या थरातून झिरपणाऱ्या ओलाव्यावर आपले काम करत राहते. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे जगभरातले शिपाई रोज संध्याकाळी आपल्या रायफलीतल्या मिठावर तेलाचे पांघरूण घालत होते.

उत्तर सापडले तरी क्लोरेट लगेच हद्दपार झाले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारलेले सिनॉक्सिड प्रायमर आले, अमेरिकेत रेमिंग्टनने क्लीनबोअर नावाने गंज न आणणारी काडतुसे विकायला काढली. शिकाऱ्यांना आणि नेमबाजांना ती मिळू लागली. सैन्यांनी मात्र क्लोरेट सोडले नाही, आणि यात त्यांचा मूर्खपणा नव्हता. क्लोरेटची टोपी कोठारात दशकानुदशके टिकते, सैबेरियाच्या थंडीतही पेटते. सेनापतीला वीस वर्षांनी उडणारे काडतूस हवे असते. नळी धुवायला त्याच्याकडे शिपाई असतात, तेही हुकमाचे ताबेदार. अमेरिकेने आपल्या मोठ्या रायफलींच्या काडतुसांत क्लोरेट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरले. याला एक अपवाद होता आणि तो बोलका आहे. १९४१ मध्ये स्वीकारलेल्या छोट्या एम-१ कार्बाइनचा, वायूच्या जोरावर पुढचे काडतूस चढवणारा दट्ट्या शिपायाला उघडून साफ करता येत नसे, म्हणून तिच्या काडतुसांना पहिल्यापासून गंज न आणणारे प्रायमर दिले गेले. जिथे धुणे शक्य नव्हते तिथे लष्कराने रसायन बदलले. जिथे शक्य होते तिथे काम शिपायावर ढकलले.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे येऊ. पहिली गोष्ट, खोलीत काडतुसे नकोत आणि रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री हवी. बोल्ट, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा, काढायचा, नळीचे तोंड बादलीत खाली करायचे आणि मागच्या बाजूने, काडतूस जिथे बसते त्या घरात नरसाळे लावून पाणी ओतायचे. ब्रिटिश सैन्यात यासाठी खास नरसाळी असत. पाणी उकळतेच हवे असा आग्रह जुन्या मंडळींचा. मीठ विरघळवायला त्याची गरज नाही. २० अंशांच्या पाण्यातही शंभर मिलिलिटरमध्ये ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, आणि इथे तर मिलिग्रॅमचा कारभार आहे. उकळत्या पाण्याचा फायदा वेगळाच. नळी तापते आणि आपोआप वाळते. गार पाण्याने धुतले तर कोरड्या चिंध्या जास्त लागतात, इतकाच फरक. लाकडी दस्त्यात पाणी शिरू देऊ नये, नाहीतर गंज आतून येतो.

पाणी गेल्यावर गजाला ब्रश लावून राख आणि तांब्याचे थर काढायचे, चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवायच्या, मग तेलाचा पातळ हात द्यायचा. हे नेहमीचेच. लोक विसरतात तो बोल्ट. टोपीचा स्फोट त्याच्या तोंडाशीच होतो, आणि सुईच्या भोकातून मीठ आत जाते. बोल्ट खोलून सुईसकट पाण्यात बुडवून वाळवायला हवा. अर्धस्वयंचलित रायफलीत त्रास आणखी वाढतो. एसकेएस किंवा कलाश्निकॉव्हच्या नळीला बहुधा आतून क्रोमचा मुलामा असतो, त्यामुळे मालक निर्धास्त असतो. पण त्याच खारट वायूचा एक हिस्सा दट्ट्याच्या नळकांड्यात जातो आणि तिथे दर वेळी क्रोमचे कवच असेलच असे नाही. चकाकणारी नळी आणि गंजून अडकलेला दट्ट्या, अशी जोडी तिकडच्या दुरुस्तीवाल्यांना परिचित आहे.

घरगुती उपायांत सगळ्यांत लाडका म्हणजे काच पुसायचा निळा द्रव. त्यातला अमोनिया मीठ ‘मारतो’, असे ठासून सांगितले जाते. मीठ उदासीन असते, त्यात मारण्यासारखे काही नाही. त्या बाटलीत जे काम करते ते पाणीच, आणि ते नळाला येते. अमोनिया तांब्याचा थर सैल करतो, तो वेगळा उपयोग. बॅलिस्टॉल हे १९०४ सालचे जर्मन तेल मात्र या कामाला खरोखर बरे, कारण ते पाण्यात मिसळून दुधासारखे होते. पाणी मीठ उचलते, उडून जाते आणि तेल मागे राहते. महागडे द्रव विकणाऱ्यांनी मिठाबद्दल गप्प राहून फक्त ‘खोल सफाई’चे गोडवे गावेत, याची मला गंमत वाटते.

काडतूस कोरोसिव्ह आहे की नाही हे पुंगळीच्या बुडावरच्या छापावरून, सालावरून आणि कारखान्यावरून ओळखतात. टोपी बर्डन पद्धतीची असली म्हणजे कोरोसिव्ह आणि बॉक्सर असली म्हणजे निर्धोक, हा सोपा नियम बऱ्याचदा चालतो आणि कधीकधी फसवतो. खात्रीसाठी जाणकार मंडळी काडतुसातली गोळी आणि दारू काढून नुसती टोपी एखाद्या स्वच्छ लोखंडी पट्टीवर उडवतात आणि पट्टी दमट जागी ठेवतात. शेजारी न वापरलेली दुसरी पट्टी तुलनेला. दोन दिवसांत निकाल लागतो. शंका असेल तर धुवा, हे अर्थात त्याहून स्वस्त.

धुण्यातूनही नुकसान होते, ही बाजू क्वचित सांगितली जाते. मोसिनच्या कित्येक नळ्यांची तोंडे कारखान्यात नंतर आतून कोरून रुंद केलेली दिसतात. कारण शिपायांनी पोलादी गज तोंडाकडून घालून घासघासून तिथल्या खाचा झिजवल्या होत्या, आणि गोळी शेवटची सुटते तिथेच नेम बिघडतो. आपल्याकडच्या एनसीसीच्या मुलांना माहीत असलेला पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदीसाठी फास असलेली दोरी, हा गजापेक्षा सौम्य. तोही तिरका ओढला तर दोरी नळीचे तोंड कापत जाते. उस्ताद सरळ ओढायला ओरडून सांगतात ते उगाच नाही.

भारतात या प्रकरणाचे स्वरूप निराळे आहे. लष्करी बोअरची रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही, काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते, त्यामुळे पत्र्याचा डबा फोडून रविवार घालवणे हा छंद इथे जन्मलाच नाही. आपले राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज पॉइंट टू-टूच्या आधुनिक काडतुसांवर वाढतात. त्यांच्या नळीत शिसे आणि मेण साठते, मीठ नाही. पण माल मात्र आपल्याकडूनही गेलेला आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि त्याच्या ‘केएफ’ छापाची जुनी .३०३ काडतुसे अमेरिकी संग्राहकांच्या खोक्यांत भेटतात. ही काडतुसे ज्या ब्रिटिश रायफलीची, ती ली-एनफिल्ड बाळगणाऱ्यांत त्यांच्याबद्दल फारसे प्रेम नाही. ती कोरोसिव्ह, आत कॉर्डाइटच्या काड्या, आणि कित्येक दशके न जाणो कुठल्या उन्हात काढलेली, त्यामुळे कधी टोपी उशिरा पेटते. चाप ओढून काहीच झाले नाही तर अर्धा मिनिट तरी नळी निशाणाकडेच धरून थांबायचे, बोल्ट लगेच उघडायचा नाही, हा नियम अशा मालाला सक्तीचा. इशापूरच्या कारखान्यातल्या रायफली मात्र तिथे लोकप्रिय आहेत, विशेषतः ७.६२ नेटो काडतुसासाठी बनवलेली २-ए. तिला गंज न आणणारी नवी काडतुसे सहज मिळतात, हे त्यामागचे एक साधे कारण.

स्वस्ताईचा तो काळ आता सरत आला आहे. २०१४ मध्ये अमेरिकी सरकारने सोव्हिएत ५.४५ मिलिमीटरच्या ७एन६ गोळीला चिलखतभेदी ठरवून तिची आयात बंद केली. हाही कोरोसिव्ह माल, १०८० काडतुसांच्या डब्यांतला. २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणे थांबले. जुनी कोठारे रिकामी होत गेली तसे डब्यांचे भाव चढले. मोसिन आता शंभर डॉलरला कुणी देत नाही. नव्या, न गंजवणाऱ्या काडतुसाशी भावाचा फरक पूर्वीसारखा राहिलेला नाही, तेव्हा नुसत्या पैशांसाठी जुना माल उडवण्यात अर्थ उरत नाही. ज्यांच्याकडे डबा आहेच त्यांनी नेमबाजीला निघतानाच पाण्याची बाटली आणि नरसाळे गाडीत टाकावे. शेवटचा बार झाल्यावर तिथेच, नळी कोमट असताना, पाणी ओतले की घरी पोचेपर्यंतच्या दोन तासांची चिंता मिटते. तोंडावरून ओल्या चिंधीचा हात फिरवलेला बोल्ट मात्र संध्याकाळी घरी पुन्हा खोलावाच लागतो.