मीठ मोजणाऱ्या शेजारणी

म्हातारपणीच्या रक्तदाबाची, मधुमेहाची चर्चा आपल्याकडे दवाखान्यात सुरू होते आणि गोळ्यांच्या डबीपाशी संपते. हे आजार मात्र वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात आणि बैठ्या दिवसांत घडत असतात. तिथं डॉक्टर पोचत नाही, शेजारीण पोचते. जपानमधला नागानो हा डोंगराळ, बर्फाळ प्रांत. हिवाळ्यात ताजी भाजी नाही, म्हणून नोझावाना हा पाला मिठात मुरवून ठेवायचा, तो चहाबरोबरही खायचा, आणि रोज मिसोचं खारट सूप. 1960 च्या दशकात पक्षाघातानं होणाऱ्या मृत्यूंत हा प्रांत देशात वरच्या क्रमांकांवर होता. 1945 च्या सुमारास ताकाहो गावातल्या बायका कामानं पिचलेल्या आरोग्यसेविकेच्या मदतीला धावल्या होत्या. त्यातूनच पुढे प्रांतभर स्वयंसेविकांची फळी उभी राहिली. त्या घरोघरी जाऊन सूपातलं मीठ उपकरणानं मोजत, कमी खारट सूप करून चाखायला देत. 1980 च्या सुमारास माणशी रोज जवळपास 16 ग्रॅम मीठ पोटात जाई; तीन वर्षांत ते 11 ग्रॅमवर आलं. 2010 मध्ये स्त्री-पुरुष दोघांच्याही आयुर्मानात नागानो देशात पहिला होता. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती आळीपाळीची. बहुतेक ठिकाणी एकीनं दोन वर्षं काम करायचं, मग दुसरीनं. त्यामुळे शिकलेल्या बायका गावभर पसरल्या आणि वय झाल्यावर तीच जाण त्यांच्या स्वतःच्या कामी आली.

पक्षाघात तर साऱ्या जपानमध्येच कमी झाला, घरोघरी फ्रीज आले, औषधं सुधारली. मग श्रेय शेजारणींना का, असं कुणी विचारील. शंका रास्त आहे, म्हणून आपल्या शेजारचा पुरावा पाहावा. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या 30 ग्रामीण वस्त्यांत चाळिशीपुढच्या 2,645 रक्तदाबग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजत, आहाराविषयी बोलत, गरज असेल त्याला डॉक्टरकडे धाडत. दोन वर्षांनी तिथला वरचा रक्तदाब इतर वस्त्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरला होता. एका माणसापुरते पाच अंक किरकोळ वाटतात. अख्ख्या तालुक्याचे उतरले, तर पक्षाघाताचे कितीतरी झटके टळतात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: समाजाच्या नावाखाली सरकार अंग काढून घेईल आणि आधीच दमलेल्या आशाताईंवर आणखी एक रजिस्टर पडेल. त्या चाचणीतही सेविकांना कामाचा मोबदला होता आणि मागे सरकारी दवाखाना उभा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्याच नसतील, तर शेजारणीनं मोजलेला आकडा कुणाच्या उपयोगाचा? पण केंद्र नीट चालत असेल, तर मोजण्याचं आणि आठवण करून देण्याचं काम गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ उचलू शकतात. गावातल्या अल्पशिक्षित बायकाही आरोग्याचं काम चोख करतात, हे डॉ. आरोळे दांपत्यानं 1970 पासून जामखेडला दाखवलंच आहे. संघानं आठवड्यातून एकदा रक्तदाबाचं यंत्र मांडावं, प्रत्येकाच्या नावापुढे वहीत आकडा लिहावा, आणि जो दोनदा आला नाही त्याच्या घरी कुणीतरी चालत जावं.