आंघोळीचे पाणी आणि उष्णता-पंप

गिरगावच्या चाळींतून पहाटे तांब्याचा बंब पेटे. पुढे त्याची जागा गॅसने व विजेच्या गिझरने घेतली. आता नव्या इमारतींत उष्णता-पंपाचे, म्हणजेच हीट पंपाचे नाव ऐकू येते. तो घ्यावा की नाही हे ठरविण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घेऊ.

विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी वर चढवितो. तसाच हा पंप बाहेरच्या हवेतील उष्णता टाकीतल्या पाण्यात आणून सोडतो. घरातला फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तोही याच तत्त्वावर. गिझर एका युनिट विजेतून फार तर एका युनिटाइतकीच उष्णता देतो; उष्णता-पंप सुमारे तिप्पट देतो, कारण उरलेली हवेतून येते. हवा जितकी ऊबदार, तितके त्याचे श्रम कमी. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला, तो विक्रम ठरला. तेव्हा मुंबईची हवा या यंत्राला बारमास अनुकूल आहे.

मग प्रत्येकाने तो घ्यावा काय? हिशेब मांडू. चौघांचे कुटुंब, माणशी १५ लिटरची बादली, एकूण ६० लिटर पाणी. ते २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे एक युनिट लागते. पंपाने त्यातले दोनतृतीयांश वाचेल, म्हणजे महिन्याला सुमारे २० युनिटे. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. एवढ्यासाठी गिझरहून पुष्कळ महाग यंत्र आणि त्याची टाकी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणणे आमच्या मते शहाणपणाचे नाही.

शंभर बिऱ्हाडांच्या इमारतीत मात्र हीच बचत रोज साठ-सत्तर युनिटांवर जाते. उंच इमारतीची गच्ची बिऱ्हाडांच्या मानाने लहान, आणि पावसाळ्यात ऊन नाही. म्हणून सौर बंब पुरे पडत नाहीत. तेथे, तसेच वसतिगृहांत व इस्पितळांत, सामाईक पंप उपयोगी पडतो.

तो निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्राला मोकळी हवा हवी. बंद खोलीत ते स्वतःच हवा गार करून आपले काम कठीण करते. आपल्याकडे समुद्राची खारी हवा असल्याने त्याच्या धातूच्या जाळीवर गंजरोधक लेप असावा. आणि गरम पाण्याच्या नळांना जाड वेष्टन हवे, नाहीतर गच्चीवर वाचविलेली उष्णता खालच्या मजल्यापर्यंत पोहोचण्याआधीच भिंतींत जिरेल. सोसायटीच्या सभेत किमतीची चर्चा होण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घ्यावीत.