प्रोग्रेसा ते प्रोस्पेरा : मेक्सिकोतील सशर्त रोख मदतीची २२ वर्षे

१९९४ च्या अखेरीस पेसो कोसळला आणि मेक्सिकोत गरिबी झपाट्याने वाढली. तोवर सरकारी मदतीचा मोठा वाटा टॉर्टिया आणि दूध स्वस्तात देण्यावर जाई. त्याचा फायदा शहरांना होई. दुर्गम खेडी कोरडीच राहत. अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही यांच्या आखणीनुसार १९९७ मध्ये एर्नेस्तो सेदियो यांच्या सरकारने ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू केली. दर दोन महिन्यांनी पैसे थेट आईच्या हाती पडू लागले. त्यासाठी मुलांची शाळेतली हजेरी किमान ८५ टक्के हवी आणि घरातल्यांनी आरोग्य केंद्रात ठरलेल्या तपासण्या करून घ्यायला हव्यात, अशी अट होती. माध्यमिक इयत्तांत मुलींसाठीची रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त ठेवली होती.

योजनेचे मोजमापही सुरुवातीपासूनच ठरवलेले होते. अभ्यासासाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत मदत आधी पोचली, उरलेल्या १८६ गावांत नंतर. कोणते गाव कोणत्या गटात, हे सोडतीने ठरले. थांबावे लागलेल्या गावांच्या दृष्टीने हा न्याय कठोरच. पण या तुलनेमुळेच हाती ठोस पुरावा आला, आणि २००० मध्ये सत्तांतर होऊनही विसेंते फॉक्स यांनी योजना गुंडाळली नाही. ‘ओपोर्तुनिदादेस’ या नव्या नावाने ती शहरांतही नेली.

प्राथमिक शाळेत फारसा फरक पडला नाही, कारण तिथे बहुतेक मुले आधीपासूनच जात होती. खरी गळती सहावीनंतर व्हायची. तिथे पट वाढला, मुलींचा अधिक. मुलांची मजुरी घटली. लहान मुलांची आजारपणे कमी झाली, उंचीतही थोडी भर पडली. परीक्षांतील गुण मात्र म्हणावे तसे वाढले नाहीत. पैशाने मूल वर्गापर्यंत आणले. वर्गात काय शिकवले जाते, हा या योजनेच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न होता. अटी पाळण्याचा भारही आईवरच पडला. केंद्रापर्यंतची पायपीट, रांगा, आरोग्यविषयक सक्तीच्या बैठका यांत तिचे दिवस जात, आणि त्यांची किंमत योजनेच्या हिशेबात क्वचितच धरली गेली.

२०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’ असे तिसरे नाव मिळाले तेव्हा सुमारे ६० लाख कुटुंबे योजनेत होती. २०१९ मध्ये लोपेस ओब्रादोर सरकारने ती बंद करून बेनितो हुआरेस शिष्यवृत्त्या आणल्या. शाळेसाठीची मदत त्यामुळे चालू राहिली, पण तिच्याशी जोडलेली आरोग्य तपासणीची अट गेली.